दारातला उजेड

नीलम्मानं डाळिंबी साडी हातावर टाकली, काठ चिमटीत धरला आणि "चला, उजेडात दावते" म्हणत ती दुकानाच्या दाराकडं निघाली. मागून बायनाबाई. राणीसावरगावहून त्या नातीच्या बस्त्यासाठी आल्या होत्या, आणि ट्यूबलाइटखाली रंग पारखायचा नसतो हे त्यांना पंधरा वर्षांपूर्वी नीलम्मानंच शिकवलं होतं. आतल्या गादीपासून दारापर्यंत अकरा पावलं होती. पाडव्यापर्यंत एकही नव्हतं.

उंबऱ्यापाशी तिनं साडी उलगडली.

"हां, आता बगा. हा खरा रंग."

बायनाबाईंची पाठ साडीकडं होती. दाराच्या उजव्या हाताला लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या काचेच्या पेटीपुढं त्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या. पेटीत खारं पाणी, पाण्यात दगड, आणि दगडावर वाटीएवढं, मांसल फुलझाडासारखं काहीतरी. त्याच्या डोक्यावर शेवयांसारखी बोटं. पाणी हललं की ती एका अंगाला लवत आणि पुन्हा उभी राहत.

"ह्ये हलायलंय की गं माय."

"हलायचंच. काठ बगा की, मुनिया हाय."

"जित्तं हाय?"

"हाय."

"काय म्हन्त्यात ह्येला?"

"पोवळं."

बायनाबाईंनी वळून तिच्या तोंडाकडं बघितलं. "पोवळं तर लाल असतंय. आमच्या जावयाच्या बोटात हाय, मंगळासाठी."

"हे दुसऱ्या जातीचं."

"आन् रंग कंचा म्हनावा ह्येचा?"

नीलम्मानं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. "पिस्ता. त्यात चिमूटभर हळद."

"असल्या रंगात हाय का एखादी?"

नीलम्मानं साडीची घडी घातली. पाडव्यापासून हा प्रश्न विचारणाऱ्या बायनाबाई सतराव्या. ती मोजत होती. नीलम्मा असलं सगळंच मोजायची: घरात कुणी कुणाला आधी चहा विचारला, सासऱ्यांनी दिवसात कुणाचं नाव किती वेळा घेतलं, कोणाच्या माहेरच्या पाहुण्याला गादीवर बसवलं आणि कोणाच्या पाहुण्याला सतरंजीवर. लिहून ठेवायची तिला गरज नव्हती. तारखेसकट लक्षात राहायचं.

गंगाखेडच्या पेठेतलं हे कापडदुकान तिच्या सासऱ्यांचं, चन्नप्पांचं. एकोणीस वर्षांपूर्वी ती सून म्हणून आली तेव्हा बायकांनी दुकानात बसायची रीत या घरात नव्हती. पण साडी बरोबर न नेता, नुसत्या आठवणीवर ती बाजारातून फॉल आणि दोरा आणायची आणि तो तंतोतंत जुळायचा. तीनदा जुळल्यावर चन्नप्पांनी तिच्यासाठी दाराशी गादी घातली. दार उत्तरेला. ऊन आत यायचं नाही, पण दिवसभर तिथं सारखा, शांत उजेड असायचा. रंग बघायला याहून चांगली जागा अख्ख्या पेठेत नव्हती. "ट्यूब खोटं बोलते, आमची नीलम्मा न्हाई," असं चन्नप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. नवरा मन्मथ आत गल्ल्यावर, नीलम्मा दारात. पुरुष त्या दुकानाला चन्नप्पांचं म्हणत आणि बायका नीलम्माचं.

मग धाकट्या दिराचं, विरेशचं लग्न झालं आणि उदगीरची शिवरंजनी घरात आली. ती रत्नागिरीला समुद्राचं शास्त्र शिकलेली, डॉक्टरेट अर्ध्यावर सुटलेली. गंगाखेडला गोदावरी आहे, समुद्र नाही. तेव्हा तिनं समुद्रच मागवला: तीन फुटी पेटी, खास मिठाची पोती, पंप, निळसर पांढरा दिवा. वरच्या मजल्याच्या फरशीला एवढं वजन पेलणार नव्हतं. खाली ठेवायचं तर कुठं, याचा चन्नप्पांनी क्षणभरही विचार केला नाही.

"दाराशी ठेवा की. येनारा-जानारा बगंल."

गादी आत गेली. कुणी नीलम्माला विचारलं नाही. आणि आपण विचारलं नाही, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला पहिल्यापेक्षा हे दुसरं जास्त लागलं.

पेटीत पोवळं आलं त्या दिवशी चन्नप्पांनी धाकटीची तोंडी परीक्षा घेतली होती. कपाळावर ताजी विभूती, हात पाठीमागं.

"ह्येचं बिल हाय का?"

"आहे, अप्पा. पुण्याच्या दुकानाचं, पक्कं. दगडी जातीचं पोवळं ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हे मऊ जातीचं, हे चालतं."

"आन् खातंय काय हे झाड? आपल्यात असलं-तसलं चालायचं न्हाई. दुकानात सुदिक."

हे झाड नाही, प्राणी आहे, असं शिवरंजनीनं दोनदा सांगून बघितलं होतं. तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला.

"ह्याच्या अंगात शेवाळ राहतं, अप्पा. डोळ्याला न दिसणारे कण, लाखांनी. बाहेरून आलेले. पोवळं त्यांना राहायला जागा देतं, आणि ते उजेडावर स्वयंपाक करून ह्याला जेवू घालतात. बहुतेक पोट त्यांच्यावरच भरतं ह्याचं. रंगसुद्धा बराचसा त्यांचाच."

"बहुतेक" हा शब्द चन्नप्पांनी ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला. "उजेडावर," त्यांनी मान डोलावली. "म्हंजे आपल्यातलंच हाय."

आतल्या गादीवर फॉलची चळत लावत नीलम्मा हे ऐकत होती. बाहेरून यायचं, आत राहायचं, रांधून सगळ्यांना घालायचं, आणि रंग मात्र दुसऱ्याच्या नावावर मिरवायचा. तिनं लावलेली चळत मोडली आणि पहिल्यापासून पुन्हा लावली.

आषाढात एक साडी परत आली. दुकानात मोरपंखी वाटली, घरी जाऊन बाटलीहिरवी निघाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नीलम्मानं ती सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

"अप्पा, आतल्या उजेडात मला जमंना. माजी दारातली जागा मला पायजे."

चन्नप्पांनी साडी बघितली, मग पेटी बघितली. दोन्ही सुना त्यांना हव्या होत्या आणि दुकानाला दार एकच होतं.

"दिवाळीपतूर थांब. समुद्रातला जीव, ह्या गावात कुटं टिकायलाय. मेलं तर पेटी उचलू, तुजी गादी दारात."

"आन् जगलं तर?"

चन्नप्पांनी चष्मा काढून पुसला. "जगलं तर त्या बिचाऱ्याला कुटं हलवायचं, माय?"

म्हणजे आता नीलम्माच्या जागेआड कुणी माणूस नव्हतं, वाटीएवढं एक पोवळं होतं. तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं. माणसाशी भांडलं तर आवाज होतो.

नागपंचमीला शिवरंजनी माहेरी निघाली. तिथून पुढं ती रत्नागिरीला जाणार होती. डॉक्टरेट पुन्हा सुरू करायची तर सरांपुढं जाऊन बसायला हवं होतं. पोळा झाला की परत. पेटी कुणावर सोडायची हा प्रश्न होता. विरेश परभणीला नोकरीला, अंधार पडल्यावर घरी येणारा. मन्मथला मीठ जास्त झालं तर आमटीत कळायचं, पेटीत नाही. चन्नप्पा श्रावणभर मठात, प्रवचनाला. सकाळी पूजा आटोपून जायचे ते दिवेलागणीला परतायचे. शिवरंजनीनं आपली वही नीलम्माच्या मांडीवर ठेवली.

"अक्का, तुमच्याशिवाय कुणावर सोडता येत नाही. दिवा सकाळी दहाला लावायचा, सहाला बंद करायचा. पाणी ह्या खुणेखाली गेलं की फिल्टरचं घालायचं. पंप इन्व्हर्टरवर आहे, त्याची काळजी नाही. एवढंच."

"आन् दिव्याचा उजेड न्हाई मिळाला तर?"

शिवरंजनी बॅगेची चेन ओढत होती. "मग आतलं शेवाळ उपाशी. आणि ते उपाशी तर पोवळंही उपाशी."

इतक्या सहजपणे तिनं हे सांगितलं की नीलम्माला क्षणभर तिची कीव आली. फार वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला नीलम्मानं दिवा लावला. सांगितलेलं काम ती चुकवणारी नव्हती. मग तिनं आतल्या कपाटातून जुन्या धोतराची मलमल काढली, घडीवर घडी घालून चार घड्या केल्या, आणि दिव्याखालच्या काचेच्या झाकणावर पसरली. पेटीतला उजेड दिवेलागणीच्या वेळेसारखा झाला.

मन्मथनं पेपरातून मान वर केली. "ते कशाला?"

"धूळ बसायलीय पान्यावर."

मन्मथ पेपरात परत गेला.

रोज दहाला दिवा, दिव्याखाली मलमल. रोज सहाला दिवा बंद, मलमल कपाटात. पाणी खुणेच्या खाली एक बोटही जाऊ दिलं नाही तिनं. पाणी तोडून जीव घ्यायचा, असलं ओंगळ काम तिला पटणारं नव्हतं. उजेड मात्र तिचाच होता. दारातला उजेड तिचा घेतला गेला, तर दिव्यातला थोडा तिनं घेतला, असा तो साधा हिशोब. आणि पाप करतानाही तिच्या हातून घडी वाकडी पडत नव्हती.

ती वाट बघत होती रंग उतरायची. रंग एकाच दिशेनं जातो, हे तिला धंद्यानं शिकवलेलं. धुतलं की जातो, उन्हात वाळवलं की जातो, वापरलं की जातो. चढतो तो फक्त रंगाऱ्याच्या हौदात. पोवळं आज ना उद्या फिकं, मग पांढरं पडणार, आणि मग अप्पा पेटी उचलायला माणसं बोलावणार.

दहाव्या दिवशी तिला पहिल्यांदा शंका आली. पिस्ता राहिला नव्हता. मेंदी वाटत होता. तिनं मलमल उचलून दारातल्या उजेडात बघितलं. मेंदीच. सोळाव्या दिवशी काथाचा रंग आला. पोळ्याच्या दिवशी, समोरच्या रस्त्यानं झुली घातलेले बैल चालले होते आणि नीलम्मा पेटीपुढं उभी होती. जुन्या गुळाचा रंग. गडद, तांबूस.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हे करपायलंय. कपाटाच्या तळाला वर्षानुवर्षं दडपून राहिलेल्या कापडावर अशीच तांबूस झाक येते. वरून कापड धड दिसतं, आणि घडी उलगडायला जावं तर बोटाखाली फाटतं. म्हणजे आता दिवसच मोजायचे. दुपारी बायनाबाईंचा फोन आला, उरलेल्या बस्त्याला कधी येऊ म्हणून. नीलम्मा म्हणाली, "आठ दिवस थांबून या. दारातच बसून दावते."

एकच गोष्ट तिला पटत नव्हती. त्याची बोटं आखडलेली नव्हती. पाण्याबरोबर लवत होती, उभी राहत होती. मरणारं इतकं डोलायलंय कशाला?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला शिवरंजनी स्टेशनवरून थेट दुकानात आली. श्रावण संपला होता, चन्नप्पा दुकानात होते. ते तिला आडवे आले.

"पोरी, मन घट्ट कर. तुजं झाड काळं पडलंय."

शिवरंजनीनं बॅग खाली ठेवली आणि पेटीपुढं उकिडवी बसली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. नीलम्मा आतल्या गादीवर घड्या घालत होती, पण ज्या साडीला ती घडी घालत होती ती आधीच घडीची होती.

"अक्का, दिवा कितीला लावत होतात?"

"धाला."

"रोज?"

"रोज. पन लाईट कुटं राहायलीय? चार चार तास लोडशेडिंग."

या जिल्ह्यात या उत्तराला साक्षीदार लागत नाही, तरी चन्नप्पांनी लगेच साक्ष दिली. "लय हाल केले औंदा. मठात पंखा चार दिस चालला आसंल श्रावनभर." मन्मथनं गल्ल्यावरून बायकोकडं बघितलं. एकोणीस वर्षांच्या संसारानं त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं: पेपर उलटला.

शिवरंजनी हसायला लागली. आधी नीलम्माला वाटलं रडतेय.

"मेलं नाही, अप्पा. ठणठणीत आहे. बघा ना, बोटं कशी उघडलीत."

"मग काळं कशानं?"

"उजेड कमी पडला की आतलं शेवाळ आपला रंग वाढवतं. रंग म्हणजे त्यांचं उजेड धरायचं जाळं. उजेड भरपूर असला की विरळ जाळ्यावर भागतं. कमी झाला की दाट विणायचं, एक कण सुटू द्यायचा नाही. म्हणून हे असं गडद दिसायलंय. उपाशी नाही राहिलं ते. जेवढं मिळालं तेवढ्यात घर चालवलं."

"म्हंजे जगलं," चन्नप्पा म्हणाले. थोरल्या सुनेकडं न बघता म्हणाले.

नीलम्मानं साडी चळतीवर ठेवली. चळत सरळ होती, तिनं आणखी सरळ केली.

शिवरंजनीनं खुर्ची ओढून पेटीला लावली, वही उघडली, फोटो काढले आणि ते बघून नाक मुरडलं. खरा रंग त्यात येत नव्हता. "सरांना कळवायला पाहिजे. रत्नागिरीत हे करायचं तर महिनाभर दिव्याला पहारा द्यावा लागतो. इथं लाईटवाल्यांनी फुकटात करून दिलं." आणि तिनं वहीत वर ठळक अक्षरांत लिहिलं: लोडशेडिंग.

चन्नप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी समोरच्या औषधाच्या दुकानातून बन्सीधरला हाक मारली. तो हातातला चहाचा कप घेऊनच आला.

"बन्सीधर, बग. लाईटवाल्यांनी रंग काडला."

बन्सीधरनं वाकून बघितलं. "लाईटवाल्यांनी कुनाचं भलं केल्यालं हे पयलंच बगायलो मी."

"एकदम गूळ. लाईटवाल्यांना कळवाय पायजे."

"नगा बरं. बिलात लावतील."

सगळे हसले. मन्मथही हसला. नीलम्मानं मोजलं. लाईटवाल्यांचं नाव अप्पांनी दोनदा घेतलं, शिवरंजनीनं एकदा, बन्सीधरनं एकदा. आणि पंचवीस दिवस, दहा ते सहा, ज्या हातांनी हे केलं त्या हातांत आता तिसऱ्यांदा पुसलेली कात्री होती. आजवर तिचा जळफळाट एका बाईपुरता होता. आज त्यात एक अख्खं सरकारी खातं आलं.

"आता पुन्हा पयल्यावानी करायचं म्हन की," चन्नप्पा म्हणाले. "दिवाळीला पिस्ता पायजे. एकदम पूर्न उजेड लावून चालंल?"

"चालेल. दहाला पूर्ण वेळ लावते." शिवरंजनी लिहिता लिहिता बोलत होती. "तास कमी झाले होते, पण दिव्याचा जोर तोच होता. त्याची ह्यांना सवय आहे. दिवा झाकलेला असता तर गोष्ट वेगळी. अंधुकात बसून दाट जाळं विणलेलं, आणि त्यावर एकदम सगळा जोर सोडला, की जळतं. शेवाळ बाहेर टाकलं जातं, पोवळं पांढरं पडतं. मग फार दिवस काढत नाही."

ती थांबली. पेन ओठाला लावलं.

"पण नवल आहे. नुसते तास कमी झाल्यानं एवढा रंग चढेल असं वाटलं नव्हतं."

हे ती पेटीकडं बघून म्हणाली की काचेत दिसणाऱ्या थोरल्या जावेकडं बघून म्हणाली, ते नीलम्माला कळलं नाही. चेहरा तर भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा कोरा होता.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला सहा मिनिटं कमी होती.

नीलम्माला आता काहीच करायचं नव्हतं. दहाला शिवरंजनी स्वतःच्या बोटानं बटण दाबणार. आठ-पंधरा दिवसांत पोवळं पांढरं. दिवाळीच्या आत पेटी बाहेर, गादी दारात. कुणाचा आळ नाही, कुणाचा शब्द नाही. झालंच तर लाईटवाल्यांच्या नावानं पुन्हा एकदा बोटं मोडतील. एकोणीस वर्षांत एवढं बिनकष्टाचं काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

ती उठली आणि दाराशी गेली. मलमल मध्ये नव्हती, माणसं बाजूला झाली होती आणि सकाळचा उत्तरेचा उजेड सरळ काचेवर पडला होता. तिनं साडी बघावी तसं बघितलं: आधी दुरून, मग जवळून, मग मान कलती करून. तो गूळ एकरंगी नव्हता. पोटाशी गडद, कडेला चढत चढत सोनेरी, आणि बोटांच्या टोकाला पिस्त्याची एक रेघ तशीच ठेवलेली. दोनदा हौदात बुडवून, मधे एकदा सावलीत वाळवून रंगारी असं काहीतरी काढतो, तेही क्वचित. हजारो रंग तिनं विकले होते. काढलेला एकही नव्हता.

आणि वहीत लिहिलं होतं लोडशेडिंग.

शिवरंजनीनं घड्याळाकडं बघून बटणाकडं हात नेला.

"थांब गं."

नीलम्मा आत गेली, कपाट उघडलं, मलमल घेऊन आली. तिनं घडीवर घडी घातली, झाकणावर पसरली आणि चारही कोपरे बोटानं सरळ केले.

"चार घड्या होत्या," ती म्हणाली. "पंचमीच्या दुसऱ्या दिवसापून. धा ते सा. तिसऱ्या सोमवारी तेवढा अर्धा तास उशीर झालता."

चन्नप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्याला लावला आणि पुन्हा काढून पुसला. बन्सीधरच्या लक्षात आलं की दुकान उघडं टाकून आलोय. तो कप हातात घेऊन निघून गेला.

"धूळ बसायलीय म्हनालीस की," मन्मथ म्हणाला.

"तुमी पेपर वाचा."

शिवरंजनीनं वर बघितलं नाही. तिनं वहीतला तो ठळक शब्द एका आडव्या रेघेनं खोडला. त्याखाली लिहिलं: मलमल, चार घड्या. तारीख घातली. नीलम्मा उभी राहून प्रत्येक अक्षर वाचत होती. शिवी येईल, रडणं येईल, अप्पांच्या नावानं हाक येईल, यातल्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं हे तिनं कपाटापासून दारापर्यंत येताना ठरवलं होतं.

"दहाव्या दिवशी रंग कसा होता?" शिवरंजनीनं विचारलं.

याला उत्तर ठरवलेलं नव्हतं. पण ते तयार होतं.

"मेंदी. सोळाव्या दिवशी काथ. पोळ्याला गूळ."

"मेंदी ओली का वाळलेली?"

"वाळलेली."

तेही लिहिलं गेलं. शिवरंजनीनं बटण दाबलं. मलमलीतून उजेड गाळून पाण्यात उतरला आणि बोटं होती तशीच डोलत राहिली.

"चार दिवस चारच घड्या," ती म्हणाली. आवाज सरळ होता. ओठ मात्र प्रत्येक वाक्यानंतर मिटून घट्ट होत होते. "मग तीन. मग दोन. रंग सैल झालेला दिसला तरच घडी काढायची, नाही तर थांबायचं. महिना लागेल. कॅमेऱ्यात ते कळत नाही."

"डोळ्यांनीच बगावं लागंल."

"हो."

"दिवसातून कितींदा?"

"जितकं जमेल तितकं."

"मग कुनीतरी हितंच बसाया पायजे," नीलम्मा म्हणाली.

चन्नप्पा छताकडं बघू लागले, जणू तिथं विचारण्यासारखं काही टांगलेलं होतं. नीलम्मा आत गेली, गादीचे दोन कोपरे धरले आणि ती फरशीवरून ओढत आणली; लोडही काखेत मारून आणला. पेटीच्या डाव्या अंगाला, उजेडात, तिनं गादी टेकवली. शिवरंजनीची खुर्ची मधे येत होती.

शिवरंजनीनं वही मिटली. खुर्चीवरून न उठता, पायानं रेटून, तिनं खुर्ची सरकवली. वीतभर.

गादीला दोन विती लागत होत्या.